संस्कृती कुणाची घेऊन जाणार?

परदेशी शिकायला जाणाऱ्या पोरांची हल्ली तयारी करून घेतात. पासपोर्ट, व्हिसा, विमा, बँकेचे कागद ही एक तयारी. दुसरी तयारी सांस्कृतिक. काटा कुठल्या हातात, सुरी कुठल्या हातात. वेळेवर कसं पोचायचं, हात कसा मिळवायचा, कुणाला पगार विचारायचा नाही. ही तयारी फुकटची आहे असं मी म्हणत नाही. परक्याच्या घरी जायचं तर त्याच्या घरची रीत माहीत असावी, एवढी अक्कल आमच्या आयाबायांनी आम्हाला शाळेत घालायच्या आधीच दिली. माझा सवाल दुसरा आहे. जाणाऱ्या पोराच्या डोक्यावर 'आपली संस्कृती' म्हणून जे गाठोडं बांधून देता, ते कुणाचं? त्यात माझ्या बापाचं काय आहे? माझ्या आईचं काय आहे?

मी विमानात बसलेलो नाही. दहावी पास आहे, मुंबईच्या गोदीत कंत्राटी मजूर आहे, अंगात जोर उरला तर रात्री कविता लिहितो. तरी परदेश मला रोज भेटतो. पेट्यांवर काळ्या रंगात अक्षरं असतात, हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, अँटवर्प. मालाच्या बाबतीत जगभर एक नियम पक्का आहे. आत जे आहे तेच कागदावर लिहायचं. आत एक आणि कागदावर दुसरं निघालं की कस्टमवाला माल अडकवतो. माणसाच्या बाबतीत मात्र आमच्या पोरांना उलटं शिकवतात. आत जे आहे ते कागदावर येऊ देऊ नको. बाहेर दुसरंच लिही.

आमच्या वस्तीतला एक पोरगा यंदा हॅम्बुर्गला निघालाय. एका सत्रासाठी. तिकडचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि मार्चअखेर संपतं. त्याच्या कॉलेजचा तिकडच्या कॉलेजशी करार आहे, त्यात ह्याचा नंबर लागला. बाप वारलेला, आई चार घरची धुणीभांडी करते. जाणाऱ्या पोरांचा कॉलेजनं वर्ग घेतला. वर्ग घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, तुम्ही देशाचे दूत आहात. यजमानांना भेट म्हणून गणपतीची छोटी मूर्ती न्या. दिवाळीला पणत्या लावा, लोकांना बोलवा, आरतीचा अर्थ इंग्रजीत पाठ करून ठेवा. आपण शाकाहारी लोक, हे तिकडच्यांना फार आवडतं, ते सांगा. आणि कुणी जातीपातीचं विचारलं तर म्हणा, ते जुन्या काळी होतं. परक्यांपुढं घरची धुणी धुवायची नसतात.

पोरानं एवढंच विचारलं, "मॅडम, आमच्या घरी गणपती नाही. मी काय नेऊ?" वर्गात हशा पिकला. बाई म्हणाल्या, "मग निदान कुणाला सांगू नकोस."

दोस्तांनो, 'कुणाला सांगू नकोस' हीच ह्या लोकांची सांस्कृतिक तयारी. बाकी काटे-चमचे हे वरचं पॅकिंग.

ह्या तयारीचा इतिहास बघा. पूर्वी उच्चवर्णीयांनी समुद्र ओलांडला की धर्म बुडायचा. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या. बाई वाघीण होती, त्यात शंका नाही. पण जायच्या आधी तिला श्रीरामपूरला, कलकत्त्याजवळच्या, भर सभेत उभं राहून सांगावं लागलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्याशिवाय समाज गप्प बसेना. १८८८ साली गांधी लंडनला निघाले, तर मुंबईत त्यांच्या मोढ बनियांनी जात भरवली आणि त्यांना वाळीत टाकलं. निरोप द्यायला जो बोटीवर जाईल त्याला सव्वा रुपया दंड. आईनं शपथ घेतली, मांस नाही, दारू नाही, बाई नाही. परत आल्यावर नाशकाला नेऊन त्यांची शुद्धी केली. म्हणजे त्यांच्या लेखी परदेशी जायची सांस्कृतिक तयारी म्हणजे काय? जात पाण्यात भिजू द्यायची नाही. भिजलीच तर परत आल्यावर वाळत घालायची.

आमच्या बापजाद्यांना समुद्राची बंदी कुणी घातली नाही. त्यांना बंदी होती ती गावच्या विहिरीची. म्हणून आमच्यातला पहिला मोठा माणूस जेव्हा बोटीत बसला, तेव्हा त्याला भिजण्याची भीती नव्हती. भिजायलाच तो निघाला होता.

१९१३ सालच्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं संस्थानची चाकरी करीन असा करार. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी काय केलं? तिथं त्यांना कुणी विटाळ मानत नव्हतं. एका टेबलावर जेवण, एका इमारतीत राहणं. नवल भथेना नावाचा पारशी मित्र जोडला, तो जन्मभर टिकला. वाटलं असतं तर मागचं सगळं विसरून तिथं सुखात राहता आलं असतं. पण ९ मे १९१६ ला ह्याच माणसानं मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, परक्यांच्या पुढं, इंग्रजीत निबंध वाचला. विषय होता भारतातल्या जाती, त्या कशा झाल्या, कशा चालतात, कशा वाढल्या. वय पंचवीस. आज त्या बाई वर्गात असत्या तर म्हणाल्या असत्या, भीमराव, घरची धुणी.

धुणी आमच्याच आया धुतात, बाई. कशावर कसले डाग आहेत ते आम्हाला ठाऊक आहे.

सरकारचं बघा. परदेशी शिक्षणासाठी दलितांना केंद्राची शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. राज्याचीही आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, ७५ जागांची. दोन्ही पुऱ्या पदवीसाठी. एका सत्राला जाणाऱ्या आमच्या पोराला त्यातला पैसा नाही, तो वेगळाच तिढा. पण २०२२ साली केंद्रानं नियमात काय घातलं? भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, भारतीय समाजाचा अभ्यास असले विषय घेणाऱ्याला ही शिष्यवृत्ती नाही. म्हणजे परदेशी जा, पूल बांधायला शिक, औषधं बनवायला शिक. पण तुझ्या गावाची वेस का आहे ते तिथं बसून तपासायचं असेल, तर स्वतःच्या खिशातून तपास. ह्या नियमाखाली १९१६ चा तो निबंध बसला असता का? सांगा. कॉलेजच्या बाई तोंडानं सांगतात, सरकार कागदावर लिहितं. मतलब एकच. संस्कृती आम्ही ठरवू, तुम्ही फक्त ती मिरवा.

आता कुणी म्हणेल, परदेशात जात कुठाय रे? तिकडं गेल्यावर कोण विचारतंय? विचारतात. गोरा विचारत नाही, कारण त्याला कळत नाही. आपलाच माणूस विचारतो. माणूस विमानात बसला की जात त्याच्या मांडीवर बसते, तिला तिकीट लागत नाही. अमेरिकेत हे इतकं वाढलं की विद्यापीठांना नियम करावे लागले. २०१९ साली ब्रँडाइस विद्यापीठानं भेदभावाच्या बंदीत जात घातली. २०२२ साली कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं घातली. फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदाविरुद्ध कायदाच केला, अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक पास केलं, पण ऑक्टोबरात गव्हर्नरनं ते परत पाठवलं, आहेत ते कायदे पुरे आहेत म्हणून. नसलेल्या गोष्टीसाठी कुणी एवढी मारामारी करतं का?

आमचा पोरगा चाललाय जर्मनीला. तिथं २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यांत जास्त. जर्मनीचा भेदभावाविरुद्धचा कायदा २००६ चा. त्यात वंश आहे, धर्म आहे, बाईमाणूस-पुरुषमाणूस आहे, अपंगत्व आहे, वय आहे. जात हा शब्द नाही. म्हणजे उद्या भारतीय पोरांच्या खोलीत त्याला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग 'तुमच्याकडे लग्नात काय असतं' असं फिरवून विचारलं, आणि खोली मिळाली नाही, तर तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची इथपासून त्याला सुरुवात करावी लागेल. ही खरी सांस्कृतिक तयारी. आपल्यावर काय येऊ शकतं त्याचं नाव माहीत असणं, ते परक्या भाषेत चार वाक्यांत सांगता येणं. जात म्हणजे काय, हे जर्मन पोराला चहा पिता पिता समजेल असं सांगता आलं पाहिजे. रडत नाही, ओरडत नाही, सरळ. आमच्या पोराला मी हे चार वाक्यांचं काम दिलंय. मराठीत त्यानं लिहिलं, मी खोडलं, पुन्हा लिहिलं. आता तो जर्मनमध्ये बसवतोय.

आता त्या मुलखाच्या रीतीभातीकडे येऊ. ह्या मी पुस्तकांतून, तिकडून आलेल्या पोरांकडून गोळा केल्यात. ज्या रीतींना पांढरपेशांची पोरं घाबरतात, त्यांतल्या बऱ्याच आम्हाला जड नाहीत.

पहिली रीत झाडूची. तिकडं विद्यार्थी चारपाच जण मिळून घर घेतात. स्वयंपाकघरात कागद चिकटवलेला असतो, कुठल्या आठवड्यात कुणी काय साफ करायचं. ह्या आठवड्यात तू स्वयंपाकघर, मी संडास. पुढच्या आठवड्यात उलट. प्रोफेसराचा पोरगा असो, शेतकऱ्याचा असो, संडासाची पाळी चुकत नाही. इथून गेलेल्या, आईच्या हातचं आणि मोलकरणीच्या हातचं खाऊन वाढलेल्या पोरांचं तोंड ह्या कागदापुढं पांढरं पडतं. त्याला इंग्रजीत फार मोठा शब्द आहे, सांस्कृतिक धक्का. आमच्या पोराला कसला धक्का? त्याच्या आज्यानं उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचे संडास साफ केले. फरक एवढाच की आज्याची पाळी कधी बदलली नाही. म्हणून मी त्याला सांगितलं, तुझ्या पाळीला चोख साफ कर, आणि दुसऱ्याच्या पाळीला बोट उचलू नकोस. एखादा आपल्याकडचा गोड बोलून म्हणेल, "तुला जमतं रे, माझी पाळी तू कर." त्या दिवशी त्या कागदावर बोट ठेव. तो कागद म्हणजे तुझी घटना.

दुसरी रीत पिशवीची. युरोपच्या कस्टमचा नियम ऐकून मी गोदीत मोठ्यानं हसलो. बाहेरच्या देशातून येणाऱ्या माणसाला मांस नेता येत नाही आणि दुधाचे पदार्थही नेता येत नाहीत. तूप नाही, पेढे नाहीत. सुकी मासळी मात्र स्वतःच्या खाण्यापुरती वीस किलोपर्यंत चालते. म्हणजे आयुष्यभर ज्या सुकटीच्या वासावरून आम्हाला चाळीत घर नाकारलं, तिला तिथं रस्ता मोकळा, आणि साजूक तूप दारात अडवलेलं. आमच्या चान्यांनाही बंदी, त्या मांसात मोडतात, हे खरं. ते सोडून द्यावं लागेल. पण पोराच्या आईनं सुकट आणि बोंबील बांधलेत. वर्गातल्या बाईंनी मसाल्याच्या वासाबद्दल इशारा दिला होता. मी म्हटलं, खिडकी उघडून शिजव, शेजाऱ्याला आधी सांग, आणि जेवायला बोलव. लाजून रात्री बाराला शिजवू नकोस. भाकरी थापायला त्याला आईनं ह्या महिन्यात शिकवलं. पहिल्या दिवशीच्या भाकरीला कोपरे आले होते, आता गोल येते.

तिसरी रीत माझ्या काळजात घुसली. जर्मन भाषेत आपल्यासारखेच दोन शब्द आहेत. 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. विद्यार्थी आपसात डू म्हणतात. पण प्रोफेसर विद्यार्थ्याला झी म्हणतो. दुकानदार गिऱ्हाइकाला झी म्हणतो, साहेब झाडूवाल्याला झी म्हणतो. ओळख झाल्याशिवाय मोठ्या माणसाला डू म्हणणं म्हणजे अपमान.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. माझा बाप पन्नाशीला आला तरी गावाला गेला की शेंबडं पोरगं त्याला 'ए' म्हणून हाक मारतं. मला मुकादम अरेतुरे करतो, सुपरवायझर करतो, गेटवरचा शिपाई करतो. आमच्या पोराला बालवाडीपासून कॉलेजपर्यंत कुठल्याही मास्तरानं तुम्ही म्हटलेलं नाही. आणि ऑक्टोबरात एक म्हातारा गोरा प्रोफेसर त्याच्याकडं बघून म्हणणार, तुम्हाला काय वाटतं? तिकडच्या चर्चासत्रात पोरांनी बोलावं लागतं, मास्तराचं पटलं नाही तर तसं सांगावं लागतं. गप्प बसणारा हुशार समजला जात नाही. काट्या-चमच्याची सवय दोन दिवसांत होईल हो. पण जन्मभर 'ए' ऐकलेल्या कानाला 'तुम्हाला काय वाटतं' हे ऐकायची सवय कशी लावायची? त्याचा वर्ग कुठं भरतो?

तो वर्ग आम्ही वस्तीत भरवला. आठवड्यातून दोन रात्री, समाजमंदिरात. पोराला खुर्चीवर बसवायचं, आम्ही सगळ्यांनी त्याला तुम्ही म्हणायचं आणि प्रश्न विचारायचे. पहिल्या रात्री तो खाली मान घालून हसत बसला. माझा सोबती, क्रेनवर असतो, त्यानं विचारलं, "तुम्हाला ह्या विषयावर काय वाटतं?" तर ह्याच्या डोळ्यांत पाणी. चौथ्या रात्री तो म्हणाला, "मला तुमचं म्हणणं पटत नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. मला वाटतं देशात असा वर्ग हजार वस्त्यांत लागेल, परदेशी जाणाऱ्यांना आणि न जाणाऱ्यांनाही.

पण दोस्तांनो, परदेश म्हणजे मुक्ती नव्हे. हे सांगितलं नाही तर आम्हीही त्या बाईंसारखे एजंट ठरू. हॅम्बुर्गच्या गोदीचंच घ्या, ती माझ्या धंद्यातली. १८९६ च्या नोव्हेंबरात तिथल्या गोदी कामगारांनी संप केला. सोळा हजारांवर माणसं, अकरा आठवडे, ऐन बर्फात. फेब्रुवारी १८९७ ला उपासमारीनं मोडला. पोराला सांगितलं, बंदर बघायला जाशील तेव्हा मोठ्या बोटींचे फोटो काढ, आणि ही माणसंही आठव.

त्याच बंदरात दुसरी गोष्ट आहे. मे १९४० मध्ये नाझी पोलिसांनी सिंती आणि रोमा लोक घरांतून उचलले, बायापोरांसकट, आणि बंदरातल्या फळांच्या शेडमध्ये कोंडले. तिथून नऊशेवर माणसं आगगाडीनं पोलंडात छावणीला पाठवली. फळांच्या शेडमध्ये! मी शेडमध्ये काम करतो. शेडमध्ये माणसं कशी मावतात ते मला डोळ्यांपुढं दिसतं. हे रोमा कोण? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाबाहेर ठेवलं, चोर म्हटलं. त्यांची बोली आपल्या हिंदी-मराठीच्या कुळातली. त्यांचा वंशसंहार झाला हे मान्य करायला पश्चिम जर्मनीला १९८२ साल उजाडलं. बर्लिनला स्मारक झालं २०१२ ला. आमच्या पोरानं गणपतीची मूर्ती कुणाला दिली नाही तरी चालेल. पण त्या लोकांची संघटना शोधून, दार वाजवून, मी तुमच्या लांबच्या गावकुसाबाहेरचा, असं सांगावं. ही सांस्कृतिक देवाणघेवाण.

आणि आजचं? १९ फेब्रुवारी २०२० ला हानाऊ शहरात एका वंशवाद्यानं गोळ्या घालून परक्या वंशाचे म्हणून नऊ जण मारले. म्हणजे आमच्या पोराला तिथं कातडीचा रंग घेऊन फिरायचंय. तिथंही एखादा कारकून मुद्दाम डू म्हणेल. तो डू ओळखायला आमच्या पोराला शिकवायला नको, 'ए' ऐकून त्याचा कान तयार आहे. पण एक सांगायला हवं. आपले काही शहाणे तिकडं जाऊन आपण आर्य म्हणून मिरवतात. ज्या मातीत त्या शब्दानं लाखो माणसं जाळली, तिथं! आणि दुसरे काही स्वतः गोऱ्यांचा वंशवाद सोसतात आणि काळ्या पोराच्या शेजारी बसत नाहीत. आमच्या पोरानं ह्या दोन्ही बाकांवर बसू नये. त्याची जागा तुर्क, आफ्रिकी, सीरियन पोरांच्या बाकावर आहे.

तरी एक गोष्ट त्या देशाकडून शिकून यावी. तिथल्या फुटपाथांत पितळेची छोटी चौकोनी पाटी बसवलेली असते. ज्या घरातून माणूस उचलून नेऊन मारला, त्याच घरापुढं. नाव, जन्मसाल, कुठं नेलं, कधी मारलं. १९९० नंतरच्या वर्षांत एका कलावंतानं हे सुरू केलं, २०२३ च्या मेमध्ये एक लाखावी पाटी बसली. रोज येताजाता लोकांच्या पायाखाली स्वतःच्या बापाचा गुन्हा. आमच्याकडं अशा पाट्या बसवायच्या ठरल्या तर किती पितळ लागेल? २००६ च्या खैरलांजीपासून मोजायला बसा. आम्ही म्हणतो ते जुन्या काळी होतं, आणि ते जुन्या काळातलं पितळेत कोरून ठेवतात. धुणी परक्यांपुढं धुतल्यानं देशाची मान खाली जाते म्हणता? मग जर्मनीची का गेली नाही?

एक धोका आमच्या बाजूनंही आहे, तोही बोलून टाकतो. तिकडं चांगली माणसं भेटतील, कळवळ्यानं ऐकतील, पुन्हा पुन्हा ऐकतील. मग जखम दाखवायची सवय लागते. सभेत उभं राहायचं, सदरा वर करायचा, वळ दाखवायचा, टाळ्या घ्यायच्या. असं करू नये. आपण सोसलेलं सांगावं, त्याबरोबर आपण काय काय उभं केलं तेही सांगावं. महाडचं तळं सांगावं, १९२७ चं. आमच्या शाहिरांची गाणी, हलगी, रात्रशाळा, वस्तीतल्या वाचनालयाची दोन कपाटं सांगावीत. आम्ही त्याला हलगी दिलीय. सामानात जागा नव्हती, त्यानं कोट बाहेर काढला आणि हलगी आत ठेवली. मी म्हटलं, "येड्या, थंडीनं मरशील." मग पोरांनी वर्गणी काढून कुर्ल्याच्या बाजारातून जाड कोट घेतला, तो अंगात घालून जाणार.

आता शेवटची तयारी, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. परत येण्याची. सत्र सहा महिन्यांचं. मार्चात हा परत येणार.

बाबासाहेब १९१७ ला परत आले. अमेरिका, लंडन बघून. करारापोटी बडोद्याला नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशांच्या सरायीत खोटं नाव सांगून राहिले. पत्ता लागला तशी काठ्या घेऊन माणसं दारात आली. शेवटी झाडाखाली बसून त्यांना रडावं लागलं. हे त्यांनीच पुढं लिहून ठेवलंय, आणि हेही लिहिलंय की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ह्याची जाणीव मनातून पुसून गेली होती. घाव कुठं बसला ते बघा. तिकडं नाही, इथं. तिकडं हाड सरळ झालं होतं, म्हणून इथं काठी जोरात लागली.

आमच्या पोराचंही हेच होणार. सहा महिने झी ऐकून तो उतरेल, आणि टॅक्सीवाला, कॉलेजचा कारकून, गावचा पाटील, कुणीतरी 'ए' म्हणेल. त्या क्षणाची तयारी कुठल्याही कॉलेजच्या वर्गात नाही. तेव्हा तो काय करेल? एक रस्ता असा की पुन्हा मान खाली घालेल, सहा महिने स्वप्न होतं म्हणेल. दुसरा असा की वस्तीकडं पाठ फिरवून पुन्हा विमान पकडेल, कायमचं. त्या पोरावर मी रागावणार नाही. काठ्या खायला परत ये असं म्हणायचा हक्क मला नाही. पण तिसरा रस्ता आहे. बाबासाहेब त्या झाडाखालून उठले, १९२० ला पुन्हा लंडनला गेले, अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं केलं, आणि परत आले ते महाडला जायला. तिसरा रस्ता एकट्यानं चालता येत नाही. त्याला वस्ती लागते.

म्हणून माझं म्हणणं हे. परदेशी जाणाऱ्या पोराची सांस्कृतिक तयारी कॉलेजवर सोडू नका. दर वस्तीत चार जणांनी हे काम अंगावर घ्या. पोराला बोलायला बसवा. त्याचं जातीविषयीचं चार वाक्यांचं उत्तर तयार करून घ्या. भाकरी शिकवा, झाडू शिकवा, पोराला शिकवा, कारण पोरींना ते आधीच येतं. आणि पोरगी निघाली असेल तर तिच्या बापाला तयार करा, शपथा घालू नका. पैशाची वर्गणी काढा. व्हिसासाठी २०२४ च्या सप्टेंबरपासून महिन्याला ९९२ युरो खर्चाची ऐपत दाखवावी लागते, हे ऐकून घाबरून कागद फाडणारं पोर आपल्यातच असतं. आईला घड्याळ समजावून सांगा, हिवाळ्यात तिकडं साडेचार तास मागं असतं, तिच्या सकाळी तिकडं रात्र असते, पोरानं फोन उचलला नाही म्हणून तिनं रडू नये. आणि तो परत येईल त्या दिवशी हारतुरे नकोत, सभा घ्या. त्याला खुर्चीवर बसवा आणि विचारा, तिकडं काय बघितलंत? तुम्हाला काय वाटतं?

त्यानं सहा महिने जो शब्द ऐकला, तो त्यानं परत आणायचाय. मूर्ती आणू नको, चॉकलेटं आणू नको. तो शब्द आण. आणि तो आधी तुझ्या आईला दे, मग झाडूवालीला, मग मला. मग आपण सगळे मिळून तो पाटलाच्या तोंडून वदवून घेऊ.

जय भीम.